आमच्या रेडिओची सुधारणा

डच भाषेच्या वर्गात आमच्या बाई एकदा वैतागून म्हणाल्या, "घरी तुमची भाषा, मैत्रिणींशी हिंदी, दुकानात इंग्रजी. मग डच कोणाशी बोलणार? भिंतीशी? जिथे लोकांना तुमच्याशी बोलावंच लागेल अशा ठिकाणी जा." वर्गातली एक जण वृद्धाश्रमात जाऊ लागली, एक जण फुटबॉल क्लबच्या कँटीनमध्ये. मी गावच्या रेडिओत गेले. नवऱ्याला सांगितलं तर लॅपटॉपवरून मान न उचलता तो म्हणाला, "रेडिओत? तिथे तूच बोलणार. तुझ्याशी कोण बोलणार?"

मी नागपूरला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. नवऱ्याला नेदरलँड्समध्ये हूफडॉर्पच्या एका ऑफिसात नोकरी लागली आणि मी त्याच्या व्हिसाचं शेपूट धरून इथे आले. आमचं गाव विमानतळाला लागून आहे. नाव सांगत नाही, कारण पुढचं वाचून कोणाला वाईट वाटायला नको. तसे सगळे चांगले लोक होते. गावात नव्या वसाहती, विमानतळावर सामान चढवणारे, गोदामांत काम करणारे, आणि आमच्यासारखे ऑफिसवाले. या गावाला स्वतःचा रेडिओ होता, बातम्या आणि चर्चांचा. इतके दिवस तिथे राहून आम्हाला ते माहीत नव्हतं. शेजाऱ्यांनाही माहीत नव्हतं, हे नंतर समजलं.

स्टुडिओ क्रीडागृहाच्या वरच्या मजल्यावर होता. खाली बास्केटबॉल सुरू झाला की बातम्यांमागे धप धप धप असा आवाज यायचा. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटावं की बातमी फार गंभीर आहे.

रेडिओचे अध्यक्ष उंच, पांढऱ्या मिशांचे, विमानतळाच्या सामान विभागातून निवृत्त झालेले. बातम्या वाचायला एक निवृत्त शिक्षक होते. त्यांनी आयुष्यभर डच व्याकरण शिकवलं होतं आणि ते अजून संपलेलं नव्हतं. इथे सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात. माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला 'तू' म्हणताना माझी जीभ अडायची. म्हणून इथे लिहिताना मी त्यांना अहो-जाहोच करते आहे.

बातम्या म्हणजे नगरपालिकेने पाठवलेली पत्रकं. शिक्षक ती स्वल्पविरामासकट वाचत. चर्चा म्हणजे अध्यक्ष आणि शिक्षक यांच्या एकमेकांशी गप्पा. एखादा पाहुणा येणार असला तर त्याला प्रश्न आधी पाठवले जात, आणि तो उत्तरं लिहून घेऊन येई. ती वाचून झाली की अध्यक्ष म्हणत, "वा, सगळं आलं बघा यात." मग सगळे मिळून कॉफी पीत. कॉफीबरोबर प्रत्येकी एकच बिस्किट. ते घेतलं की डब्याचं झाकण लागायचं.

माझं काम कॉफी करणं आणि ऐकणं. ऐकणारी मी एकटीच होते असं म्हणणार नाही. अध्यक्षांची बायको घरी रेडिओ लावायची, नवरा निघाला की नाही हे कळावं म्हणून.

मी गेले त्याच सुमारास रेडिओच्या सुधारणेची हवा सुरू झाली होती. श्रोते वाढले नाहीत तर आसपासच्या गावांच्या रेडिओत आम्हाला मिसळून टाकणार अशी कुणकुण होती. अध्यक्षांनी एक सल्लागारबाई बोलावल्या. पांढरे बूट, मोठ्या फ्रेमचा चष्मा, आणि बॅगेत रंगीत चिकटचिठ्ठ्यांची चळत. त्यांनी सगळ्यांना गोल बसवलं आणि विचारलं, "तुमचा रेडिओ जर प्राणी असता, तर कोणता असता?"

शिक्षक म्हणाले, "आपला रेडिओ प्राणी नाही."

"पण असता तर?"

"असता तर तो रेडिओ नसता."

अध्यक्षांनी वेळ सावरून "बगळा" म्हटलं. मला विचारलं तेव्हा मला म्हशीला डचमध्ये काय म्हणतात ते आठवेना, म्हणून मी "गाय" म्हणाले. सल्लागारबाई खूश झाल्या. "भारत! पवित्र गाय! किती अर्थपूर्ण!" म्हणून त्यांनी ती एका चिठ्ठीवर लिहून भिंतीवर मधोमध लावली. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की आपण बसून रवंथ करतो.

पुढच्या वेळी त्यांनी आम्हाला एक श्रोती तयार करून दिली. तरुण आई, पुढे पेटी असलेल्या सायकलवर दोन मुलं, केस वाऱ्यावर. तिचं मोठं चित्र स्टुडिओच्या भिंतीवर लावलं गेलं. बोलताना तिच्याकडे बघून बोलायचं, अशी सूचना. शिक्षकांनी पहिल्या दिवशी तिच्याकडे बघून सांडपाण्याच्या वाहिन्यांची बातमी वाचली आणि मला म्हणाले, "हिला काही पडलेली नाही." मग नवं बोधचिन्ह आलं, जुन्यासारखंच पण तिरकं. नवी धून आली, जुनीसारखीच पण लवकर संपणारी. श्रोते होते तेवढेच राहिले.

त्यानंतर सुधारणेची गाडी माझ्याकडे वळली. सल्लागारबाई म्हणाल्या, "रेडिओत गावातले नवे आवाज हवेत. हिचा तासभराचा कार्यक्रम करू या. दिवाळी, मसाले, साड्या."

मी म्हटलं, "आमच्या घरी दिवाळीचं तेवढं नसतं. आम्ही बौद्ध आहोत."

असं काही शांत तेज पसरलं त्यांच्या चेहऱ्यावर! अध्यक्षही सरसावून बसले. त्यांच्या बागेत बुद्ध होता, कारंज्याशेजारी. सल्लागारबाईंच्या न्हाणीघरात होता. "मग तर प्रश्नच मिटला," त्या हळू आवाजात म्हणाल्या, जणू मी आत्ताच ध्यानाला बसले आहे. "रविवारी सकाळी शांततेचा तास. तू घंटा वाजवायचीस आणि सावकाश बोलायचंस."

मी काय सांगणार? आमच्या घरी बुद्धवंदना होते, पण ती संपली की जे सुरू होतं त्याला शांतता म्हणत नाहीत. नागपूरला वडील आणि काका वंदना झाल्या झाल्या राजकारणावर असे भांडायचे की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. एवढं सगळं डचमध्ये मांडायची माझी ताकद नव्हती. मी इतकंच म्हटलं, "मला घंटा नको. मला बातम्या हव्यात."

अध्यक्ष म्हणाले, "पण तुझं डच..."

"त्यासाठीच तर आले."

ते हसले आणि विषय कॉफीवर गेला.

माझी पाळी आली ती दोन माणसं एकाच आठवड्यात आजारी पडली म्हणून. शिक्षकांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होती, आणि अध्यक्षांचा आवाज बसला. साधा बसला नव्हता, पार गेलाच होता. तोंड उघडलं की हवा यायची. आणि त्याच दिवशी वेटहाउडर येणार होते. वेटहाउडर म्हणजे नगरपालिकेतला गावापुरता मंत्रीच समजा. यांच्याकडे वाहतूक होती. विषय होता आमच्या वसाहतीतला बसथांबा, जो एका सोमवारी अचानक नाहीसा झाला होता. खांब उपटलेला, वेळापत्रक गेलेलं, फरशीत एक भोक. विमानतळावर पहाटेच्या पाळीला जाणारे लोक तिथून बस पकडायचे. मीही वर्गाला त्याच बसने जायची.

अध्यक्षांनी मला खुणेने माइकसमोर बसवलं आणि पाठवलेले प्रश्न पुढे सरकवले. खुणेनेच सांगितलं की फक्त वाच. स्वतः काचेपलीकडे बटणांपाशी जाऊन बसले. वेटहाउडर आले, उमदा माणूस, सायकलचं हेल्मेट हातात. मी पहिला प्रश्न वाचला. त्यांनी आपल्या कागदावरून पहिलं उत्तर वाचलं.

"भविष्याभिमुख दळणवळण-आराखड्याच्या चौकटीत थांब्यांच्या जाळ्याचं सुयोग्यीकरण करण्यात आलेलं आहे."

मला खरोखर एक अक्षर कळलं नाही. दुसरा प्रश्न वाचायचा होता, पण वर्गातल्या बाईंनी बजावलं होतं की न कळता मान हलवायची नाही. आणि वर्गात पहिल्या आठवड्यात पाठ करून घेतलेलं वाक्य आपोआप तोंडून गेलं. "कळलं नाही."

ते हसले. मोठ्याने आणि सावकाश म्हणाले, "सु-यो-ग्यी-करण."

"माझं डच थोडं आहे. सोपं सांगा. बस जास्त येणार?"

"तसं नाही."

"कमी येणार?"

"तसंही म्हणता येणार नाही. ती दुसऱ्या रस्त्याने जाईल."

"मग आमचा थांबा?"

"त्याचं कार्य दुसऱ्या थांब्याकडे सोपवण्यात आलं आहे."

"थांबा आहे की नाही?"

खाली कोणीतरी चेंडू आपटला. काचेपलीकडे अध्यक्ष दोन्ही हात वर करून हलवत होते. मला वाटलं, शाबासकी देत आहेत.

"नाही असं तुम्ही म्हणू शकता," वेटहाउडर म्हणाले.

"मी कशी म्हणणार? मला येत नाही. तुम्ही म्हणा."

"थांबा... नाही."

"कोणी काढला?"

"बस कंपनीने प्रस्ताव दिला. नगरपालिकेने त्याची नोंद घेतली."

"नोंद घेतली म्हणजे?"

"म्हणजे आम्ही तो वाचला."

"आणि वाचून?"

"हो म्हटलं."

"तुम्ही त्या बसने जाता?"

त्यांनी हेल्मेटकडे पाहिलं. "मी सायकलने जातो."

"मग हो का म्हटलं?"

  त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि अगदी माणसासारखं म्हणाले, "खरं सांगायचं तर, कोणी विरोध केला नव्हता. आम्हाला वाटलं चालेल."

हे मात्र मला पहिल्या फटक्यात कळलं. मी त्यांचे आभार मानले. आभार मानायला मला छान येत होतं.

अध्यक्ष काचेपलीकडून आले ते लालबुंद होऊन. हवेतल्या हवेत काहीतरी बरंच बोलले. तेवढ्यात फोन वाजला. तो फोन एरवी फक्त क्रीडागृहाचं मैदान हवं असलेल्यांचा यायचा. अध्यक्षांनी सवयीने उचलला आणि घोगऱ्या श्वासात म्हणाले, "मैदानासाठी खाली विचारा."

पलीकडची बाई एवढ्या जोरात बोलली की मला लांबून ऐकू आलं. "मैदान नको! मघाची ती बाई द्या. माझ्याही रस्त्याचं असंच केलंय!"

त्यानंतर फोन वाजतच राहिला. टॅक्सीत कोणीतरी ऐकलं होतं, त्याने गाडीत बसलेल्याला ऐकवलं होतं, मग कोणीतरी ते मोबाइलवर फिरवलं. संध्याकाळी नवरा घरी आला तो चकित होऊन. "ऑफिसात कँटीनमध्ये लोक तुझं ऐकत होते. 'तुम्ही म्हणा' काय! मी म्हटलं, ही घरी पण अशीच विचारते, मला सवय आहे."

मुलगी डच शाळेत शिकणारी, मराठी कळतं पण उत्तर इंग्रजीत. ती म्हणाली, "आई, यू डिड नॉट अंडरस्टँड एनिथिंग, अँड इट वॉज सो गुड."

पुढच्या आठवड्यापासून माझ्याकडे दर बुधवारी मुलाखत आली. मी काही युक्ती करत नव्हते. मला खरंच कळत नव्हतं. शाळेच्या मुख्याध्यापिकेला विचारलं, "'शिक्षणाच्या गरजांची नव्याने मांडणी' म्हणजे शिक्षक कमी?" त्या म्हणाल्या, "हो." घरबांधणीवाल्याला विचारलं, "'टप्प्याटप्प्याने' म्हणजे कधी?" तो म्हणाला, "माहीत नाही." लोकांना हे 'माहीत नाही' इतकं आवडायचं की फोनवर ते तेवढंच परत ऐकवायला सांगायचे.

अध्यक्षांचा आवाज परत आला तोवर ही सगळी कल्पना त्यांची झाली होती. नगरपालिकेत ते सांगत, "आम्ही मुद्दामच अननुभवी आवाज निवडला." सल्लागारबाई धावत आल्या. चिकटचिठ्ठ्या घेऊन पुन्हा सगळे गोल बसले. या वेळी विषय होता 'जाणीवपूर्वक न समजणं'. सगळ्या निवेदकांनी ते शिकायचं होतं. जोड्या लावून सराव झाला. एकाने काहीतरी सांगायचं, दुसऱ्याने ते समजून घ्यायचं नाही.

शिक्षक काठी टेकत आले होते. अध्यक्षांनी त्यांच्यासमोर आराखड्याबद्दल दोन वाक्यं म्हटली. सल्लागारबाई म्हणाल्या, "आता म्हणा, कळलं नाही."

"पण मला कळलं."

"कळलं नाही असं समजा."

"मला एवढंच कळलं नाही की दुसऱ्या वाक्यात त्याने क्रियापद इतक्या उशिरा का आणलं."

ते शेवटपर्यंत अज्ञानी होऊ शकले नाहीत. अध्यक्ष मात्र झाले, आणि इतके रंगले की पुढच्या मुलाखतीत अग्निशमन दलाच्या प्रमुखाला त्यांनी विचारलं, "आग म्हणजे नक्की काय?" तो माणूस घाबरलाच.

इकडे बसथांब्याचंही काम झालं. रहिवाशांचं ऐकून घेतल्याचं नगरपालिकेने जाहीर केलं आणि जिथे खांब होता तिथे एक सुंदर लाकडी बाक बसवलं. बस नाही, बाक. वेटहाउडरनी त्याचं उद्घाटन केलं, आम्ही ते प्रक्षेपित केलं. बाकावर बसलं की पलीकडच्या रस्त्यावरून जाणारी बस व्यवस्थित दिसते. पहाटेच्या पाळीचे लोक फोन करून करून थकले नाहीत, तेव्हा कुठे काही महिन्यांनी सकाळच्या बस परत आमच्या रस्त्याने येऊ लागल्या. त्या बाकापाशी थांबत नाहीत. नव्या नियमाप्रमाणे थोडं पुढे थांबतात. लोक बस येताना दिसली की बाकावरून उठून पळतात.

दरम्यान माझ्यावर एक संकट येत होतं आणि मला ते आनंदाचं वाटत होतं. माझं डच सुधारत होतं. परीक्षा पास झाले, वर्गातल्या बाईंनी मिठी मारली. मी नगरपालिकेची पत्रकं न अडखळता वाचू लागले. वेटहाउडर 'चौकटीत' म्हणाले की मी मान हलवू लागले. एकदा तर ते अडले तेव्हा शब्द मीच सुचवला: "सुयोग्यीकरण?" ते म्हणाले, "अगदी बरोबर!" आम्ही दोघं एकमेकांकडे पाहून हसलो. मला काय अभिमान वाटला त्या दिवशी!

घरी मुलीने कानातून इयरफोन काढला. "आई, नाउ यू साउंड लाइक देम."

"म्हणजे माझं डच चांगलं झालं ना?"

"तेच तर," ती चक्क मराठीत म्हणाली.

मी ते हसण्यावारी नेलं. पण पुढच्या बुधवारी कार्यक्रम संपल्यावर एका म्हाताऱ्या बाईंचा फोन आला. पहिल्या दिवशी 'मैदान नको' म्हणून ओरडणारा आवाज तो हाच, हे मी लगेच ओळखलं. त्या मात्र ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "बाई, पूर्वी तुम्हाला काही कळायचं नाही, तेव्हा आम्हाला कळायचं. आता तुम्हाला सगळं कळतं, आणि आम्ही बाहेर उभे."

फोन ठेवल्यावर मी स्टुडिओत तशीच बसून राहिले. भिंतीवरची तरुण आई सायकल हाकत होती. खोटं 'कळलं नाही' म्हणणं मला जमणार नव्हतं. अध्यक्षांचं काय झालं ते मी पाहिलं होतं. अजून एखादी भाषा शिकायला घ्यावी म्हटलं, तर वेटहाउडर तीत बोलणार नाहीत. मला राग आला तो माझाच. इतकी धडपड करून ज्या दारातून आत शिरले, ते दार मी आतून लावून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच बाईंना फोन लावला आणि म्हटलं, "तुमचा प्रश्न काय आहे?"

"कचरा," त्या म्हणाल्या. आमच्याकडे कचऱ्याचे डबे जमिनीखाली असतात. वरची झडप कार्ड दाखवलं की उघडते. त्यांच्या इमारतीसमोरची उघडत नव्हती, कित्येक आठवडे.

"मग बुधवारी तुम्ही या. माझ्या शेजारी बसा आणि तुम्हीच विचारा."

"मी? रेडिओवर? मला तसं बोलता येत नाही."

"मलाही येत नव्हतं."

अध्यक्षांना हे पटेना. "हे आपल्या आराखड्यात बसत नाही. शिवाय ती काहीही बोलेल." शिक्षक काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. ते म्हणाले, "चाळीस वर्षांपूर्वी ती माझ्या शेजारच्या वर्गाला शिवणकाम शिकवायची. काहीही बोलेल हे खरं आहे. बोलव." असं मला पहिल्यांदाच त्यांचं मत मिळालं, आणि तेही एकाच वाक्यात नव्हे, तीन वाक्यांत.

आमचा रेडिओ शेवटी शेजारच्या गावांच्या रेडिओत मिसळला गेलाच. सुधारणा झाली म्हणून मिसळला की सुधारणा होऊनही मिसळला, हे मला अजून कोणी सोपं करून सांगितलेलं नाही. पण त्याच्या आधीचा तो बुधवार मी विसरत नाही. बाई ठेवणीतला निळा कोट घालून आल्या, बटणं गळ्यापर्यंत लावलेली, पर्स मांडीवर. माइक किती जवळ घ्यायचा ते मी दाखवलं. समोर वेटहाउडर, आता कचराही त्यांच्याकडे होता. बाईंनी विचारलं, "झडप उघडत नाही. का?"

वेटहाउडर म्हणाले, "आमच्या निरीक्षणानुसार सदर प्रणाली अपेक्षित पातळीवर कार्यरत आहे."

मला कळलं होतं. मी माइक बाईंकडे आणखी सरकवला. बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, जसं आजारी माणसाकडे पाहतात. मग पर्स उघडली, कागदात गुंडाळलेली एक पेपरमिंटची गोळी काढली आणि टेबलावरून त्यांच्याकडे सरकवली.

"घसा साफ करा आधी," त्या म्हणाल्या. "मी थांबते."